गावाची कामं ठरवताना या चुका टाळा

ग्रामसभेत "काय काय पाहिजे?" एवढंच विचारलं की चाळीस कामांची यादी होते. निधी चार कामांपुरता असतो, आणि मग ज्याचा आवाज मोठा त्याच्या गल्लीत पेव्हर ब्लॉक पडतात. किंमत न सांगता मागणी विचारणं, ही मूळ चूक इथेच होते.

प्रत्येक कामापुढे उभारणीचा खर्च, वर्षाची देखभाल आणि किती घरांना उपयोग हे तीन आकडे लिहा. देखभालीचा रकाना रिकामा असेल तर ते काम यादीत घेऊच नका. हायमास्ट, म्हणजे उंच खांबावरचा दिवा, एकदा बसतो, पण वीजबिल दर महिन्याला येतं आणि दिवा गेला की वर चढायला गाडी बाहेरून आणावी लागते.

निधीची फोडही आधीच फळ्यावर मांडा. उदाहरणार्थ, 15 व्या वित्त आयोगाच्या 2021-26 च्या निधीत 60 टक्के बंधित, म्हणजे ठरवून दिलेल्या कामांनाच वापरायचा होता: 30 टक्के पाण्याला आणि 30 टक्के स्वच्छतेला. गावाला मोकळेपणाने ठरवता येत होता तो उरलेला 40 टक्केच. अशी फोड माहीत नसली की सभा बंधित पैशातून रस्ता मंजूर करते आणि नंतर वाद होतात.

निवड हात वर करून घेऊ नका. समजा हातात 10 लाख आहेत. प्रत्येकाला 10 चिंचोके द्या. एक चिंचोका म्हणजे एक लाख. 6 लाखांचा रस्ता हवा असेल तर त्याच्या डब्यात सहा टाकायचे. उरलेल्या चारांत 3 लाखांची अंगणवाडी दुरुस्ती बसते, 5 लाखांचं सभागृह बसत नाही. काय सोडावं लागतं ते तिथे बोटांना कळतं. डबे झाकलेले हवेत. उघड्या डब्यातला ढीग बघून मागचे लोक तिकडेच टाकतात.

साताऱ्यातल्या माण किंवा सांगलीतल्या जतसारख्या भागात वस्त्या विखुरलेल्या आहेत. सगळ्यांची बेरीज एकत्र केली की दर वेळी गावठाणच जिंकतं. म्हणून वस्तीवार आणि बायकांची मोजणी वेगळी ठेवा. नियमित सभेआधी महिलांची सभा घेणं कायद्यानेच बंधनकारक आहे. ती नुसत्या सह्यांवर उरकू नका.

"पाणीपट्टी किती वाढली तर चालेल?" हा प्रश्न चारचौघांत विचारला की पहिल्याचाच आकडा सगळे सांगतात. घरोघरी चिठ्ठीवर विचारा: काही घरांना महिना 50 रुपये, काहींना 100, काहींना 150. होकार कुठे गळतात ते दिसेल. पण गरिबाचा कमी आकडा म्हणजे त्याला पाण्याची कमी गरज, असा अर्थ काढू नका. श्रमदानाचे किती दिवस देता, हेही त्याच चिठ्ठीवर विचारा.

गणपूर्ती, म्हणजे ग्रामसभेला लागणारी किमान हजेरी, ही मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यातलं जे कमी ते. ठरावात जागा, रक्कम, सूचक, अनुमोदक आणि देखभाल कोण करणार, हे सभा उठण्याआधी लिहून मोठ्याने वाचून घ्या.