एम-३३ बघायची? आधी द्विनेत्री घ्या

एम-३३, म्हणजे त्रिकोण तारकासमूहातली दीर्घिका (ताऱ्यांचा प्रचंड समूह), दाखव म्हणून कोणी मागे लागलं, की मी त्याच्या हातात द्विनेत्री (बायनॉक्युलर) देतो. टेलिस्कोपची पाळी नंतर. या दीर्घिकेची दृश्यप्रत (तेजाचं माप; आकडा जितका लहान तितकी वस्तू तेजस्वी) ५.७ दिलेली असते, आणि ती वाचून नव्या निरीक्षकाला काम सोपं वाटतं. पण हा आकडा सगळ्या दीर्घिकेच्या एकत्रित प्रकाशाचा आहे. ती आपल्याला जवळजवळ समोरून दिसते आणि आकाशात पौर्णिमेच्या चंद्राच्या दुपटीहून लांब पसरलेली आहे. एवढ्या जागेत तो प्रकाश वाटला गेला, की कुठल्याही एका ठिकाणी फारच थोडा उरतो. त्यामुळे शहराच्या उजेडात एम-३१ ही देवयानी दीर्घिका सहज सापडते, पण एम-३३ पार पुसली जाते.

म्हणून अमावास्येच्या आसपासची रात्र धरा आणि दिव्यांपासून दूर जा. डोळ्यांना अर्धा तास अंधाराची सवय होऊ द्या. त्या वेळात मोबाइल उघडायचा नाही, नकाशा लाल उजेडात वाचायचा. नोव्हेंबरच्या मध्यावर रात्री दहाच्या सुमारास ती याम्योत्तर वृत्तावर, म्हणजे आकाशातल्या उत्तर-दक्षिण रेषेवर, सर्वांत उंच येते. जिथे ती अगदी डोक्यावर येते, तिथे डॉब्सोनियन (साध्या फिरत्या बैठकीवरचा टेलिस्कोप) वळवणं जिकिरीचं होतं. अशा वेळी मी तासभर आधी किंवा नंतर बघणं पसंत करतो.

शोधायला मिराक हा देवयानी तारकासमूहातला तांबूस तारा धरा. एम-३१ पासून मिराकपर्यंत जेवढं अंतर, साधारण तेवढंच त्याच दिशेने पुढे गेलात की एम-३३. दुसरी खूण मला जास्त भरवशाची वाटते. त्रिकोण या चिमुकल्या तारकासमूहाच्या टोकाचा तारा, म्हणजे आल्फा, एम-३३ पासून जेमतेम सव्वाचार अंशांवर आहे. १०×५० (१० पट, ५० मिमी भिंगांच्या) द्विनेत्रीत दोन्ही एकदम मावतात. आल्फा दृश्यक्षेत्राच्या पूर्व कडेला ठेवा आणि पश्चिमेकडे, किंचित उत्तरेला बघा.

काय शोधायचं? तेजस्वी ठिपका नाही. आजूबाजूच्या आकाशापेक्षा जरासा उजळ, कडा नसलेला, लांबट डाग. थेट रोखून पाहिलं तर तो विरतो. नजर थोडी बाजूला वळवली की परत येतो. द्विनेत्री हळूच हलवून बघा, कारण अंधारात डोळ्याला स्थिर वस्तूपेक्षा हलणारी वस्तू लवकर कळते.

आता टेलिस्कोप. इथे सगळ्यात कमी पॉवरचा आयपीस (डोळ्याजवळचं भिंग) लावा, याबाबतीत मी हट्टी आहे. आठ इंची, १२०० मिमी नाभीय अंतराच्या दुर्बिणीत ३० मिमीचा आयपीस ४० पट मोठं दाखवतो. रुंद दृश्यक्षेत्राचा असेल तर उत्तम. दीर्घिकेभोवती काळं आकाश दिसायलाच हवं, नाहीतर तुलना करायला काही उरत नाही आणि तुम्ही तिच्याच मध्यभागी बघत असूनही ती तुम्हाला दिसत नाही. नितळ रात्री मध्यापासून दोन बाजूंना वळणारे धूसर बाहू जाणवू लागतात. त्यांना वेळ द्या. दहा मिनिटं एकाच जागी टिकून राहण्याचा इथे खरंच फायदा होतो.

माझी सर्वांत आवडती जागा मात्र मध्यापासून ईशान्येला १२ कलांवर (६० कला म्हणजे एक अंश) आहे : एनजीसी ६०४. खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शेलने १७८४ मध्ये नोंदलेला हा तेजोमेघ (वायूचा चमकता ढग) सुमारे १,५०० प्रकाशवर्षं रुंद आहे. मृगातला प्रसिद्ध तेजोमेघ जेमतेम २४ प्रकाशवर्षांचा! इथे, आणि फक्त इथेच, पॉवर वाढवा. शंभर-दीडशे पट केलं की एक छोटा, दाट, धुरकट ठिपका स्पष्ट होतो. ओ-थ्री फिल्टर (तेजोमेघातल्या ऑक्सिजनचा प्रकाश तेवढा पुढे सोडणारी काच) लावला तर दीर्घिका मंदावते आणि ६०४ उठून दिसतो. सुमारे २७ लाख प्रकाशवर्षांवरच्या दुसऱ्या दीर्घिकेतला एक तेजोमेघ आपण स्वतःच्या डोळ्यांनी वेगळा ओळखतो, याचं मला अजूनही अप्रूप वाटतं.

दहा-बारा इंची दुर्बीण असेल, तर मध्याच्या पश्चिमेला चार-पाच कलांवर एनजीसी ५९५ हा तिथलाच दुसरा तेजोमेघ शोधा. तो बराच मंद आहे. दिसेल ते पेन्सिलीने कागदावर उतरवा. छायाचित्र त्यानंतरच उघडा, म्हणजे तुम्ही डोळ्यांनी काय पाहिलं आणि मनाने काय भरलं हे ताडून बघता येईल.