आंबटओले असतानाच बाहेर काढा : ड्रायरमध्ये कपडे न बिघडवता वाळवण्याची रीत

पावसाळ्यात मुंबईतल्या आणि कोकणातल्या घरांत पंख्याखाली, खुर्च्यांच्या पाठींवर आणि दारांच्या कडांवर दोन-दोन दिवस कपडे पसरलेले असतात, आणि वाळल्यावरही त्यांचा कुबट वास जात नाही. हवेतच इतके बाष्प असते की कपड्यातले पाणी उडून जाणार तरी कुठे? म्हणून अलीकडे शहरांतल्या अनेक घरांच्या ड्राय बाल्कनीत ड्रायर येऊ लागला आहे. अमेरिकेत किंवा कॅनडात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना तर तो भाड्याच्या घरातही पहिल्या दिवसापासून मिळतो. तक्रार मात्र दोन्हीकडे एकच ऐकू येते : कपडे आटतात, लवकर विरतात, इलॅस्टिक सैल पडते. माझ्या मते यातले निम्म्याहून अधिक नुकसान ड्रायर वापरल्याने होत नाही, तो गरजेपेक्षा जास्त वेळ चालू ठेवल्याने होते.

आधी एक खुलासा करतो. सेमी-ऑटोमॅटिक वॉशिंग मशीनच्या ज्या दुसऱ्या टबाला घरोघरी ‘ड्रायर’ म्हणतात, तो कपडे केवळ वेगाने फिरवून पिळतो; त्यात उष्णता नसते. इथे सांगायचे आहे ते टंबल ड्रायरबद्दल, म्हणजे ज्याच्या आडव्या पिंपात कपडे वरखाली पडत राहतात आणि त्यांच्यामधून गरम हवा खेळवली जाते त्या यंत्राबद्दल. त्याचे प्रकार तीन. पहिला, दमट हवा नळीने घराबाहेर सोडणारा. दुसरा, त्या हवेतले पाणी थंड करून टाकीत जमवणारा कंडेन्सर. आणि तिसरा, तीच उष्णता पुन्हा पुन्हा वापरणारा हीट पंप. पहिल्या दोन प्रकारांत हवा ७० ते ८० अंश सेल्सियसपर्यंत तापू शकते. हीट पंपात ती साधारण ५० ते ६० अंशांच्या आसपास राहते, वेळ अधिक लागतो, पण वीज बरीच कमी लागते आणि कपड्यांना ते मानवते. नवीन यंत्र घ्यायचे असेल आणि किंमत परवडत असेल तर हीट पंपच घ्यावा, असे मी आग्रहाने सांगेन.

आता मूळ मुद्दा. कपडा ओला असतो तोवर हवा कितीही तापलेली असली, तरी तिच्या उष्णतेतला मोठा भाग पाण्याची वाफ करण्यात खर्च होतो, आणि त्यामुळे कपडा स्वतः हवेपेक्षा बराच थंड राहतो. मातीच्या माठातले पाणी ज्या कारणाने गार होते, तेच कारण इथेही लागू पडते. पाणी संपत आले की हे संरक्षण संपते, कपड्याचे तापमान हवेच्या तापमानाकडे झपाट्याने चढू लागते, आणि त्याच वेळी कोरडे, कडक झालेले तंतू एकमेकांवर आणि पिंपावर घासत राहतात. सुती धाग्यात एरवीही आपल्या वजनाच्या सुमारे ८ टक्के ओलावा मुरलेला असतो आणि त्या ओलाव्यामुळेच तो लवचीक राहतो. शेवटची दहा-पंधरा मिनिटे ड्रायर तोही काढून घेतो. मग टॉवेल खरखरीत होतात, शर्टाच्या कॉलरची कड झिजते आणि पॉलिस्टरचे कपडे अंगाला चिकटू लागून चटचट ठिणग्या टाकतात.

आपल्याकडे यासाठी नेमका शब्द आहे : आंबटओले. हात लावला तर ओले वाटत नाही, पण गालाला लावले तर गारवा जाणवतो, आणि शिवणीत, खिशात, कमरेच्या पट्टीत किंचित दमटपणा उरलेला असतो, अशा अवस्थेत कपडा बाहेर यायला हवा. तिथून पुढचे काम दांडीवर, पंख्याच्या वाऱ्यात, अर्ध्या-एक तासात होते, अगदी जुलै महिन्यातसुद्धा. या लेखातली बाकीची सगळी पथ्ये या एका पथ्यानंतरची आहेत.

कोणता कपडा आत जाईल, कोणता नाही

कपड्याच्या आतल्या लेबलवर चौकोन आणि त्याच्या आत वर्तुळ असे चिन्ह असते. वर्तुळात एक ठिपका असेल तर कमी उष्णता, म्हणजे बाहेर पडणारी हवा जास्तीत जास्त ६० अंशांची. दोन ठिपके असतील तर ८० अंशांपर्यंत चालते. चिन्हावर फुली असेल तर तो कपडा ड्रायरमध्ये घालायचा नाही. अडचण अशी की आपले बरेचसे कपडे शिंप्याने शिवलेले असतात, त्यांना लेबल नसतेच. तिथे धाग्याची ओळखच उपयोगी पडते.

मागावर विणलेल्या सुती कापडापेक्षा होजिअरीचे कापड, म्हणजे टी-शर्ट, बनियन, लेगिंग्ज, जास्त आटते, कारण त्यातले फास ओढून लांब केलेले असतात आणि पाणी व हालचाल मिळताच ते आपल्या मूळ आकाराकडे परत येतात. कापड आटण्याचे खरे कारण हा सुटलेला ताण आहे. ड्रायरची उलथापालथ त्या प्रक्रियेला वेग देते. गिरणीतल्या बऱ्याच कापडाला हा ताण आधीच काढून टाकण्याची प्रक्रिया केलेली असते. खादीवर आणि हातमागाच्या कापडावर ती सहसा नसते, म्हणून खादीचा नवा झब्बा पहिल्याच फेरीत बोटभर आखूड होऊ शकतो. असे कापड शिवण्याआधी पाण्यातून काढून वाळवून घ्यावे, आणि शिवल्यावर ते दोरीवरच वाळवावे.

लोकरीचे कपडे पूर्णपणे टाळावेत. लोकरीच्या तंतूवर माशाच्या खवल्यांसारखे अतिसूक्ष्म खवले असतात. ओलावा, ऊब आणि हालचाल एकत्र आली की ते एकमेकांत अडकतात, आणि मोठ्या माणसाचा स्वेटर लहान मुलाच्या मापाचा होतो. तो ताणून पूर्ववत करता येत नाही. रेशमाचे तसेच : पैठणी, इरकल, सोवळ्याचे रेशमी धोतर, जरीचा किंवा आरशांचा कोणताही कपडा, जाळीचे किंवा भरतकामाचे ब्लाउज, यांतले काहीही आत टाकू नये. जिम्नॅस्टिकचे, पोहण्याचे कपडे आणि अंतर्वस्त्रे यांतला इलॅस्टेनचा धागा उष्णतेने ताकद गमावतो. मुलांचे रेनकोट, रबराच्या पाठीची पायपुसणी आणि फोमच्या उशा आत घातल्यास कपड्यांच्या नुकसानीबरोबर आगीचाही धोका असतो.

गोधडीबद्दल वेगळे सांगायला हवे, कारण हा मोह अनेकांना होतो. जुन्या लुगड्यांचे चार-पाच थर हाताने टाके घालून शिवलेले असतात. वरचा थर वाळला तरी आतला ओलाच राहतो, आणि त्या आतल्या थरासाठी यंत्र चालू ठेवले की वरचा आधीच मऊ, जीर्ण झालेला थर टाक्यांपाशी फाटतो. शिवाय ओल्या गोधडीचे वजन घरगुती पिंपाला झेपण्याजोगे नसते. तिला उन्हाचीच वाट पाहू द्यावी.

आत घालण्यापूर्वी

पाण्याची वाफ करण्यापेक्षा ते पिळून काढणे कितीतरी स्वस्त असते. एक किलो पाणी उडवायला सुमारे ०.६ युनिटइतकी उष्णता लागते; साध्या यंत्रात त्यासाठी वीज त्याहून अधिक जाते, उष्णता पुन्हा वापरणाऱ्या हीट पंपात कमी. म्हणून जाड सुती कपडे, चादरी आणि टॉवेल यांच्यासाठी वॉशिंग मशीनचा पिळण्याचा वेग मिनिटाला १००० ते १२०० फेऱ्यांवर ठेवावा, म्हणजे ड्रायरमधला वेळ आपोआप घटतो.

मशीनमधून निघालेला पिळा तसाच ड्रायरमध्ये ढकलू नये. प्रत्येक कपडा झटकून, मोकळा करून घालावा. हुक लावावेत, चेन ओढावी, परकराच्या आणि पायजम्याच्या नाड्यांना टोकाशी गाठ मारावी, नाहीतर नाडी बाहेर येऊन बाकीच्या कपड्यांभोवती इतकी आवळली जाते की सोडवताना कापड फाटते. गडद रंगाचे आणि जीन्सचे कपडे उलटे करावेत, कारण रंग उडतो तो मुख्यतः घासण्याने.

डाग मात्र थांबून पाहावेत. चहा, रक्त, तेल यांचे डाग धुतल्यावर अर्धवट राहिले असतील आणि तसाच कपडा गरम हवेत गेला, तर ते धाग्यात पक्के बसतात आणि नंतर निघणे फार कठीण होते. हळदीच्या डागाला तर ड्रायर हे उत्तरच नव्हे. हळदीचा पिवळा रंग उजेडाने विघटित होतो, म्हणून हळदीकुंकवाच्या किंवा जेवणावळीच्या दुसऱ्या दिवशी तो कपडा ओलाच उन्हात टाकावा. डाग डोळ्यांदेखत फिका पडत जातो.

भरणे, निवडणे, थांबवणे

पिंप दोन-तृतीयांशापेक्षा अधिक भरू नये. कपडे वरून खाली मोकळे पडले पाहिजेत, तरच हवा त्यांच्यामधून जाते. गच्च भरल्यास बाहेरचे भाजतात आणि मधले ओले राहतात. धुणे आणि वाळवणे दोन्ही करणारे एकच यंत्र ज्यांच्याकडे आहे त्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे, कारण त्याची वाळवण्याची क्षमता धुण्याच्या क्षमतेपेक्षा बरीच कमी असते. ८ किलो धुणारे यंत्र साधारण ५ किलोच वाळवू शकते, त्यामुळे धुतल्यावर थोडे कपडे बाहेर काढण्याला पर्याय नसतो.

जाड आणि पातळ कपडे एकत्र घालू नयेत. जीन्स वाळेपर्यंत तिच्याबरोबरची ओढणी वीस मिनिटे कोरडीच फिरत राहते. चादरी वेगळ्या, टॉवेल वेगळे, शर्ट-कुर्ते वेगळे, एवढी विभागणी पुरेशी आहे. चादर वाळताना इतर कपड्यांना आपल्या पोटात गुंडाळून घेते, म्हणून मध्ये एकदा यंत्र थांबवून ती झटकावी.

वेळ लावून वाळवण्यापेक्षा ओलावा मोजून थांबणारा प्रोग्राम निवडावा. पिंपाच्या तोंडाशी धातूच्या दोन पट्ट्या असतात. ओला कपडा त्यांना लागला की त्यातून सूक्ष्म वीजप्रवाह जातो, आणि कपडा वाळत जातो तसा तो प्रवाह घटतो, त्यावरून यंत्र अंदाज घेते. यात ‘एक्स्ट्रा ड्राय’, ‘कपबोर्ड ड्राय’ आणि ‘आयर्न ड्राय’ अशा पातळ्या असतात. रोजच्या कपड्यांसाठी ‘आयर्न ड्राय’, म्हणजे इस्त्रीजोगे, हीच पातळी लावावी; तेच आपले आंबटओले. दोन-तीनच कपडे असतील तर ते पट्ट्यांना नीट लागत नाहीत आणि यंत्र चुकीच्या वेळी थांबते. अशा वेळी त्यांच्यासारखेच ओले एक-दोन कपडे सोबत घालावेत.

प्रोग्राम संपताच कपडे काढावेत. पॉलिस्टरमिश्रित कापड गरम असताना मऊ होते आणि ज्या घडीत थंड होईल ती घडी धरून ठेवते, त्यामुळे तासभर ढिगात राहिलेल्या शाळेच्या गणवेशावर पडलेल्या सुरकुत्या इस्त्रीलाही दाद देत नाहीत. टी-शर्ट हाताने हलकेच लांबीत आणि रुंदीत ओढून सरळ करावेत, कुर्ते हँगरला लावावेत. अशा आंबटओल्या सुती कपड्याला इस्त्री करताना पाणी शिंपडावे लागत नाही.

तेल लागलेले कपडे

हे मी सर्वांत गांभीर्याने सांगतो. आपल्या घरांत बाळाच्या मालिशीची दुपटी असतात, दिवाळीच्या अभ्यंगाचे पंचे असतात, स्वयंपाकघरातली फडकी असतात. तीळ, करडई, सूर्यफूल, जवस यांची तेले हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावताना उष्णता सोडतात, आणि हा संयोग गरम वातावरणात वेगाने होतो. पसरलेल्या फडक्यातून ती उष्णता निघून जाते; पण ड्रायरमधून निघालेल्या गरम ढिगात ती अडकून पडते, साठत जाते, आणि यंत्र बंद झाल्यावर काही तासांनीही तो ढीग आपोआप पेटू शकतो. एका धुण्यात तेल पूर्ण निघत नाही. म्हणून असे कपडे गरम पाण्यात आणि भरपूर साबणात धुवावेत, आणि हुंगल्यावर तेलाचा वास जरासाही आला तर ते दोरीवरच वाळवावेत. खरे तर तेलाची फडकी ड्रायरमध्ये कधीच न घालणे हा साधा नियम घरातल्या सर्वांना, मदतनीस ताईंनाही, सांगून ठेवावा. प्रोग्रामच्या शेवटी थंड हवेची जी काही मिनिटे असतात तीही याचसाठी आहेत. ती मध्येच तोडावी लागली, तर सगळे कपडे लगेच बाहेर काढून पसरावेत.

यंत्राची देखभाल कपड्यांसाठीच

लिंट फिल्टर, म्हणजे कपड्यांतून सुटलेली लव अडवणारी जाळी, प्रत्येक फेरीनंतर साफ करावा. तो भरला की हवा अडते, वेळ वाढतो, कपडे अधिक घासले जातात, आणि साचलेली लव पेट घेण्याची भीती असतेच. कपडे मऊ करणारे द्रव किंवा सुगंधी कागद वापरल्यास त्यांचा मेणचट थर फिल्टरवर आणि ओलावा मोजणाऱ्या पट्ट्यांवर बसतो, टॉवेलची पाणी टिपण्याची शक्तीही घटते; मी ते वापरत नाही. पट्ट्या महिन्यातून एकदा व्हिनेगर लावलेल्या फडक्याने पुसाव्यात. यंत्राला १६ अँपिअरचा स्वतंत्र सॉकेट द्यावा, एक्स्टेन्शन बोर्ड कदापि नको.

फिल्टरवरची लव फेकण्यापूर्वी एकदा निरखून पाहावी, कारण ते आपल्याच कपड्यांचे तुटलेले तंतू असतात. नव्या टॉवेलांच्या पहिल्या काही फेऱ्यांत ती जाड गादीसारखी जमते, ते स्वाभाविक आहे. जुन्या, रुळलेल्या कपड्यांनंतरही तशीच जाड लव जमत राहिली, तर वाळवण्याची पातळी एक पायरी खाली आणावी आणि पुढच्या चार फेऱ्यांत ती पातळ होते का ते पाहावे.