सोलापुरात बसून क्रेफिशची जनुकं शिकताना

"भारतात मूळचा क्रेफिशच नाही, मग सोलापूरच्या मुलीने त्याच्यावर कशाला डोकं फोडायचं?" एम.एस्सी.च्या तोंडी परीक्षेत मला हा प्रश्न आला आणि मी गप्प बसले. (क्रेफिश म्हणजे गोड्या पाण्यातला, झिंग्यासारखा दिसणारा, नांग्या असलेला जीव; खेकड्याचा नातेवाईक.) आज विचारला तर उत्तर देईन: आपल्या सीना-भीमेच्या खेकड्यासाठी.

समुद्री खेकड्याची पिल्लं अळीच्या रूपात पाण्याबरोबर दूरवर वाहत जातात. गोड्या पाण्यातल्या खेकड्याचं तसं नाही. अंड्यातून थेट इवला खेकडाच बाहेर येतो. मादीला उलटी करून पोटाची झडप अलगद उचलली तर तिथे मुगाच्या डाळीएवढी पिल्लं एकमेकांना चिकटून बसलेली दिसतात. क्रेफिशची मादीही अंडी शेपटीखाली चिकटवून फिरते. त्यामुळे दोघांची पोरं फार लांब जात नाहीत, आणि मधे डोंगर आला की दोन ओढ्यांतली घराणी हजारो वर्षं वेगळी राहू शकतात. क्रेफिशवर युरोप-अमेरिकेत भरपूर काम झालंय आणि त्यातले बरेच जनुक-क्रम जेनबँकेत, म्हणजे जनुक-क्रमांच्या खुल्या साठ्यात, फुकट मिळतात. सरावाला यापेक्षा चांगला माल नाही.

नव्यांना वाटतं खरं काम डीएनए वाचणाऱ्या मशीनवर होतं. मलाही वाटायचं. माझे पहिले चौदा नमुने मशीनपर्यंत पोचलेच नाहीत. उजनीच्या काठच्या एका मामांनी जाळ्यात आलेले खेकडे दिले होते. ("चिलापी सोडून हे काय नेतीस?" हा प्रश्न प्रत्येक वेळी.) प्रत्येकाच्या एका पायाचं टोक घ्यायचं, खेकडा त्याने मरत नाही, पुढच्या काही कातींनंतर पाय परत येतो. एवढं सगळं नीट केलं आणि नळ्यांवर नावं लिहिली साध्या मार्करने. टोपण सैल, बाहेर मे महिन्याचं ऊन, अल्कोहोल झिरपलं आणि शाई पुसली गेली. चौदा पाय, आणि कुठला कुठला ते देवाला ठाऊक. तेव्हापासून मी जाड कागदाची चिठ्ठी पेन्सिलीने लिहून नळीच्या आत टाकते. अल्कोहोल ९५ टक्क्यांचं घ्या. विभागात ते कुलपात असतं, म्हणून आधी नोंदवहीत सही करून ठेवा. फॉर्मॅलिनमध्ये मात्र ठेवू नका. जीव छान टिकलेला दिसतो, पण त्याच्या डीएनएचे तुकडे होतात.

आता माझा दुसरा पराक्रम. पीसीआर म्हणजे डीएनएच्या एका तुकड्याच्या असंख्य प्रती काढणं. त्यासाठी मी १९९४ पासून जगभर चालणारी सीओआयची प्रायमर जोडी वापरली. सीओआय हे मायटोकॉन्ड्रियातलं (पेशीच्या ऊर्जाकेंद्रातलं) एक जनुक, आणि प्रायमर म्हणजे तुकडा कुठून कुठपर्यंत ते ठरवणारे छोटे डीएनए. साधारण साडेसहाशे अक्षरांचा तुकडा मिळतो. एका ओढ्याचा तुकडा बाकीच्यांपेक्षा इतका वेगळा निघाला की मी दोन दिवस नवीन प्रजातीच्या स्वप्नात होते, खोलीतल्या मैत्रिणींना पेढेही वाटून झाले. गाइडनी एवढंच विचारलं, "प्रथिनात वाचून बघितलंस?" वाचलं तर मधेच 'थांबा'ची, म्हणजे प्रथिन तिथेच संपवणारी, खूण. ते जनुक नव्हतंच. मायटोकॉन्ड्रियातून केंद्रकात जाऊन पडलेली त्याची निकामी नक्कल होती. २००८ मध्ये नाकतोडे आणि क्रेफिशवरच्या एका अभ्यासाने हेच दाखवलं होतं: अशा नकला ओळखल्या नाहीत तर प्रजातींचा आकडा उगाच फुगतो. इथे उलटा खड्डाही आहे. डीएनएची कुठली तीन अक्षरं प्रथिनाच्या कुठल्या घटकाची, हे तक्त्यावरून वाचतात. वाचताना अपृष्ठवंशीयांच्या मायटोकॉन्ड्रियाचा तक्ता, म्हणजे क्रमांक ५ निवडा. नेहमीच्या तक्त्यात टीजीए म्हणजे 'थांबा', इथे ते ट्रिप्टोफॅन, म्हणजे प्रथिनाचा एक घटक. तक्ता चुकला तर चांगल्या जनुकालाही नक्कल ठरवाल.

या सगळ्याचा संवर्धनाशी संबंध काय, ते क्रेफिशवरून चटकन कळतं. युरोपात १८५९ च्या सुमारास इटलीत क्रेफिशची साथ दिसली. ती बुरशीसारख्या एका जीवाची. उत्तर अमेरिकेचे क्रेफिश हा रोग अंगावर बाळगून जगतात, युरोपचे पटापट मरतात. पुढे युरोपात अमेरिकी सिग्नल क्रेफिश आणून सोडले गेले आणि पांढऱ्या नांगीच्या स्थानिक क्रेफिशची अवस्था आणखी बिकट झाली. आता ब्रिटनमध्ये त्यांना साथीपासून दूरच्या सुरक्षित पाण्यात हलवतात. पण कुठल्या नदीतले? किती? थोडेच उचलले तर पुढची पिढी आपसातच जुळते. दोन नद्यांचे एकत्र टाकले तर वेगळी घराणी मिसळतात. उत्तराची सुरुवात त्या नळीतल्या चिठ्ठीपासून होते. २०१५ च्या आढाव्यात क्रेफिशच्या ५९० प्रजातींपैकी ३२ टक्के धोक्यात होत्या, तेव्हा घाई सगळ्यांनाच आहे.

तरीही "जनुकीय विविधता कमी म्हणजे जीव दुबळा" हे वाक्य प्रबंधात डोळे झाकून लिहू नका. संगमरवरी क्रेफिश बघा. सगळ्या माद्या, नराशिवाय अंडी, सगळ्या जवळजवळ एकमेकींच्या प्रती. १९९० च्या दशकात जर्मनीतल्या शौकिनांच्या टाक्यांत दिसलेला हा जीव मादागास्करभर पसरलाय. त्याच्यासमोर माझं ठरीव वाक्य लंगडं पडलं.

करिअरचं थोडक्यात. नेट किंवा गेट द्याच. सोबत 'आर' ही आकडेवारीची संगणक-भाषा शिका, नाहीतर स्वतःचा डेटा दुसऱ्याकडून सोडवून घ्यावा लागतो. पुण्यात प्राणी सर्वेक्षणाचं केंद्र आहे, लखनऊला माशांच्या जनुकसंपत्तीची राष्ट्रीय संस्था, आणि हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेत धोक्यातल्या प्रजातींवर काम करणारी प्रयोगशाळा. हैदराबाद आपल्याला रेल्वेने सोयीचं. अभयारण्यात शिरण्याआधी वन विभागाची परवानगी घ्या. नमुना परदेशी पाठवायचा विचार असेल तर जैवविविधता कायदा आधी वाचा, कुरिअरचा विचार नंतर.

गेल्या वर्षी शहरातल्या एका माशांच्या दुकानात निळा क्रेफिश दिसला. विकणारा म्हणाला, "मोठा झाला तर तलावात सोडून द्या, मॅडम, काही होत नाही." त्याच्याशी अर्धा तास वाद घातला, आणि शेवटी मीच तो घेऊन आले. आता माझ्या टेबलावरच्या टाकीत असतो. मधूनच कात टाकतो आणि टाकलेली कात स्वतःच खातो.