वायू भरपूर, तारे कुठे? दीर्घिकांचा आलेख काढताना या चुका टाळा

ठाण्यात माझ्याकडे प्रकल्पासाठी येणारी बीएस्सीची मुलं सर्पिल दीर्घिकांमधला आंतरतारकीय वायू आणि ताऱ्यांचा जन्मदर यांचा आलेख काढतात. ठिपके सैरावैरा पडले की हिरमुसतात. बहुतेक वेळा गफलत मोजणीतच असते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे एकट्या 21 सेंटिमीटर तरंगलांबीच्या रेडिओ वर्णरेषेवर विसंबणं. ती अणुरूप हायड्रोजन दाखवते. तो ताऱ्यांच्या तबकडीपलीकडेही दूरवर पसरलेला असतो, पण तिथे तारे क्वचितच जन्मतात. ताऱ्यांची खरी बाळंतखोली म्हणजे 10-20 केल्विन तापमानाचे रेणूंचे दाट ढग. एवढ्या थंडीत हायड्रोजनचा रेणू स्वतः जवळजवळ मुकाच असतो, म्हणून त्याच्या सोबतीच्या कार्बन मोनॉक्साइडची 2.6 मिलिमीटरची रेषा मोजावी लागते. अणुरूप वायू दर चौरस पार्सेकला (एक पार्सेक म्हणजे सुमारे 3.26 प्रकाशवर्षं) साधारण 10 सूर्यांच्या वस्तुमानाइतका झाला की त्यापुढची भर मुख्यतः रेणूंचीच असते. रेणूंचा नकाशा जोडला की बरेचसे ठिपके रांगेत येतात. ते पाहताना मुलांइतकाच मीही हरखतो.

एकूण वस्तुमान घेऊ नका. मोठ्या दीर्घिकेत वायूही जास्त आणि तारेही जास्त, त्यातून काहीच कळत नाही. खगोलशास्त्रज्ञ मार्टेन श्मिट यांनी 1959 मध्ये मांडलेलं वायू आणि जन्मदराचं नातं घनतेचं होतं. रॉबर्ट केनिकट यांनी 1998 मध्ये ते बऱ्याच दीर्घिकांवर तपासलं, तेव्हा क्षेत्रफळाला भागून आलेल्या घनतेचा घात सुमारे 1.4 निघाला, म्हणजे जन्मदर वायूच्या घनतेच्या 1.4 व्या घाताच्या प्रमाणात वाढतो. दीर्घिका तिरपी दिसत असेल तर त्या कलामुळे (तिरपेपणामुळे) क्षेत्रफळात येणाऱ्या फरकाची दुरुस्ती आधी करा.

सर्पिल भुजा म्हणजे ताऱ्यांच्या कायमच्या माळा, हाही एक गैरसमज. घोडबंदर रोडला गायमुखपाशी कोंडी तिथेच राहते, गाड्या मात्र बदलत जातात. ठळक भुजांच्या अनेक दीर्घिकांत वायूचं तसंच होतं: भुजेत शिरताना तो दाटतो, काही ढग कोसळून तारे बनतात, उरलेला पुढे सरकतो.

मोजणीसाठी दीर्घिकेचे तुकडे फार बारीकही करू नका. शंभरेक पार्सेकच्या चौकटीत एकीकडे नुसता ढग सापडतो, तर दुसरीकडे आपल्या भोवतीचा ढग उडवून लावलेले तरुण तारे. नातं तिथे विस्कटणारच. चौकट किलोपार्सेकच्या (हजार पार्सेकच्या) आसपास ठेवा.

आणि जन्मदर हायड्रोजन-अल्फाच्या, म्हणजे तरुण ताऱ्यांभोवती चमकणाऱ्या हायड्रोजनच्या, तांबड्या प्रकाशावरून काढत असाल, तर धूळ त्यातला बराच गिळते; तापलेली धूळ मग अवरक्तात चमकते. 24 मायक्रॉनचं अवरक्त मोजमाप सोबत जोडा.