मुलांचा रात्रीचा मोबाईल कसा आवरावा

दहावी-बारावीतल्या मुलाचा मोबाईल कमी करायचा असेल, तर दिवसाचे तास मोजत बसण्यापेक्षा सुरुवात रात्रीपासून करावी. तेरा ते अठरा वर्षे वयात 8 ते 10 तास झोप लागते. पडद्याच्या प्रकाशामुळे झोप आणणारे मेलाटोनिन उशिरा स्रवते. पण त्याहून जास्त जागे ठेवते ती ग्रुपवर आपल्यामागे कोण काय बोलत असेल ही धास्ती, आणि सकाळची चिडचिड बहुधा त्याच जागरणाची असते.

रात्री दहा वाजता घरातले सगळे मोबाईल, आई-वडिलांचेसुद्धा, एका जागी चार्जिंगला लावावेत. मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा, हा सल्ला सोलापूरच्या पूर्व भागातील एका खोलीच्या घरांत निरुपयोगी आहे. तेथे अंथरुणातून हात पोचणार नाही अशी वरची फळी पुरते. उन्हाळ्यात गादीबरोबर फोनही गच्चीवर जातो आणि तेथे लक्ष ठेवायला कोणी नसते, म्हणून तो खालीच राहू द्यावा. गजरासाठी साधे घड्याळ आणावे, म्हणजे ती सबब उरत नाही.

यंत्रमागावर रात्रपाळीला गेलेल्या वडिलांचा फोन मात्र वाजला पाहिजे. त्यासाठी फोन शांत ठेवणारी ‘डू नॉट डिस्टर्ब’ ही सोय सुरू करून घरच्यांच्या क्रमांकांना सूट द्यावी. अँड्रॉइडमधील ‘बेडटाइम मोड’ पडदा करडा करतो. रंग गेले की रील्सची गोडीही बरीच उतरते.

एकट्या मुलाला बंदी घातली, तर मित्रांत तो मागे पडतो. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे 2022 मध्ये संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही-मोबाईल बंद ठेवण्याची प्रथा सुरू झाली. ती सगळ्या गावाची होती, हेच तिचे बळ. शहरात एवढे जमणे कठीण, परंतु चार-पाच मित्रांच्या पालकांना एकच वेळ ठरवता येते, आणि गृहपाठ रात्री आठच्या आत पाठवावा, अशी विनंती क्लासच्या सरांना करता येते.

काही आठवडे असे करूनही मूल झोपत नसेल, जेवण टाळत असेल किंवा कोणाशी बोलत नसेल, तर फोन हिसकावून घेऊ नये, कारण कदाचित तेवढाच आधार त्याला उरलेला असतो. डॉक्टरांना भेटावे किंवा ‘टेली-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या मोफत क्रमांकावर बोलावे, ही सेवा चोवीस तास सुरू असते.