आधी परतीचा घाट मोजा: बेळगाव भागातून स्कूबाची सहल आखताना

स्कूबाची, म्हणजे पाठीवर हवेचा सिलिंडर बांधून समुद्रात खाली उतरायची, सहल ठरली की लोक आधी समुद्र निवडतात, मग हॉटेल, मग गाडी. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या माणसाने उलट्या टोकाने सुरुवात करावी. घरी कधी परतायचे ते आधी ठरवा. समुद्रावरून घरी यायचे तर आपल्याला कुठला ना कुठला घाट चढावाच लागतो: चोर्ला, अनमोड, आंबोली, नाहीतर अंकोल्याहून यल्लापूरला चढणारा अरबैल.

घाटाचा आणि पाण्याचा संबंध असा. खाली दाबाखालची हवा घेतली की तिच्यातला नायट्रोजन रक्तात, स्नायूंत विरघळतो. वर आल्यावर तो श्वासावाटे हळूहळू बाहेर पडतो, त्याला तासन्‌तास लागतात. तेवढ्यात आजूबाजूचा दाब कमी झाला, तर गोटी सोड्याची गोटी आत ढकलल्यावर उठतात तसे बुडबुडे अंगात उठू शकतात. विमानात बसण्याआधीचा नियम म्हणूनच आहे: एकच डाइव्ह, म्हणजे एकच बुडी, केली असेल तर किमान १२ तास थांबा, एकाहून जास्त किंवा सलग काही दिवस केल्या असतील तर किमान १८ तास. हा नियम विमानाचा म्हणून ओळखला जातो, पण तो बेतला आहे ६१० ते २,४३८ मीटर उंचीच्या दाबासाठी. बेळगावचा सांबरा विमानतळ ७५८ मीटरवर आहे, आंबोली साधारण ६९० मीटरवर. म्हणजे स्वतःच्या गाडीने आलात तरी नियम तुम्हाला लागू. किनाऱ्यावर “विमान कधीचं?” एवढेच विचारतात, “गाडीनं जाणार” म्हटले की विषय संपतो. तो तिथे संपवू नका. कारवारच्या मंडळींना हा त्रास नाही, ते समुद्राच्याच पातळीला राहतात.

हिशेब सोपा आहे. शनिवारी दुपारी १२ ला दुसऱ्या डाइव्हमधून वर आलात, तर रविवारी सकाळी ६ च्या आधी घाट नाही. शनिवारची रात्र खालीच काढायची, तिचे बुकिंग आधीच करून ठेवायचे. रविवारी सकाळी डाइव्ह आणि सोमवारी बेळगावात ऑफिस, हे गणित बसत नाही.

कुठे जायचे

मालवण जवळचे. आंबोली, सावंतवाडी, कुडाळ करत चार तासांत पोचता. पण तिथे सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास जी दहा-पंधरा मिनिटांची “स्कूबा” करवतात ती चवीपुरती असते: उथळ पाणी, प्रशिक्षकाने धरलेला हात आणि एक व्हिडिओ. आपले कान, आपली भीती आपल्याला झेपते का हे तपासायला ती पुरेशी आहे. नीट शिकायचे असेल तर तारकर्लीला एमटीडीसीची (महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची) स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे, तिथे चौकशी करा.

दोन-तीन दिवस हातात असतील तर आमची पसंती नेत्राणीला. मुर्डेश्वरपासून सुमारे १० सागरी मैल आत, म्हणजे बोटीने तास-दीड तास. खडकाळ बेट, त्याच्या कडेने प्रवाळ आणि मासळीचे थवे. हुबळी, यल्लापूर, अंकोला, कुमठा, होन्नावर असा रस्ता. रेल्वेने लोंढ्यावरून मडगाव आणि पुढे कोकण रेल्वेने थेट मुर्डेश्वर. हंगाम ऑक्टोबर ते मे, त्यातही डिसेंबर-जानेवारीचे पाणी जास्त नितळ. पावसाळ्यात बोटी बंद. हंगामातही वारा फिरला की फेरी रद्द होते, म्हणून एक दिवस राखून ठेवा आणि पैसे परत मिळतात की तारीख बदलून मिळते, हे लेखी घ्या.

खरी प्रवाळबेटे पाहायची तर अंदमान किंवा लक्षद्वीप. लक्षद्वीपला प्रवेश परवाना लागतो, त्यामुळे ऐनवेळी उठून जाता येत नाही. अंदमानला भारतीयांना तशी अडचण नाही. सहा दिवस धरा. पहिला दिवस पोर्ट ब्लेअर, म्हणजे आताचे श्री विजयपुरम, आणि जमले तर फेरीबोटीने हॅवलॉक, म्हणजे स्वराज द्वीप. दुसरा, तिसरा, चौथा दिवस डाइव्हचे. पाचव्या दिवशी पाण्यात उतरायचे नाही; फेरीने परत या आणि दुपार सेल्युलर जेलला द्या. सहाव्या दिवशी विमान. नवख्यांसाठी नेमो रीफ चांगले, किनाऱ्यावरूनच चालत उतरता येते. डिक्सन्स पिनॅकल, जॉनीज गॉर्ज ही नावे ऐकून हट्ट धरू नका, ती खोल ठिकाणे अनुभवी लोकांची.

निघण्याआधी महिनाभर

प्रमाणपत्र नसताना करता येते ती ओळखीची डाइव्ह, जास्तीत जास्त १२ मीटरपर्यंत. ओपन वॉटर हा पहिल्या प्रमाणपत्राचा कोर्स केला की १८ मीटर. कोर्सचा पुस्तकी भाग घरी बसून ऑनलाइन होतो. तो बेळगावातच संपवा, म्हणजे सहलीचे दिवस वर्गात जात नाहीत. समुद्रातल्या चार डाइव्ह कमीत कमी दोन दिवसांत विभागलेल्या असतात. कोर्ससाठी २०० मीटर न थांबता पोहणे आणि १० मिनिटे तरंगणे जमले पाहिजे. वेगाची अट नाही. गोवावेसच्या तलावात रोज अर्धा तास, तीन आठवडे, एवढ्याने बहुतेकांचे काम होते.

पाठीला भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकलेल्यांसाठी एक वेगळी सूचना. तुम्हाला पाण्याची भीती नसते, ही जमेची बाजू. पण सूर मारायचा, दम कोंडायचा आणि तळ गाठून वर यायचे, ही अंगात मुरलेली सवय स्कूबात घातक आहे. दर १० मीटरला दाब एका वातावरणाने वाढतो. १० मीटरवर छातीभर घेतलेली हवा पृष्ठभागावर येईपर्यंत दुप्पट होते. दम कोंडून वर आलात तर ती फुफ्फुस फाडू शकते, तेही चार-पाच फूट खोल पाण्यातून. तोंडात नळी असेपर्यंत श्वास चालूच ठेवायचा, आत किंवा बाहेर, पण थांबवायचा नाही. तलावात पोहताना तोंडाने बारीक बुडबुडे सोडत राहायचा सराव करा.

वैद्यकीय फॉर्म आधीच मागवून घ्या. दमा, हृदयविकार, मधुमेह, फिट्स, कानाचे ऑपरेशन यांतल्या कशालाही “हो” असेल तर डॉक्टरची सही लागते, आणि ती मुर्डेश्वरच्या धक्क्यावर सकाळी सात वाजता मिळत नाही. खोटे “नाही” लिहिणारे बरेच असतात; खाली गेल्यावर प्रशिक्षकाला काही कळायला मार्ग राहत नाही. गरोदरपणी डाइव्ह नाहीच. कानाचा त्रास होऊन गेलेल्यांनी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून पडदा तपासून घ्यावा.

विमा काढताना कागदावर “स्कूबा” हा शब्द आहे का ते पाहा. साध्या प्रवास विम्यात तो बहुधा वगळलेला असतो.

विकत काय घ्यायचे

फक्त मास्क. बाकी सगळे भाड्याने. पट्टा मागे टाकून मास्क नुसता चेहऱ्यावर ठेवा, नाकाने हलका श्वास ओढा आणि हात सोडा. पडला नाही तर तो तुमचा. चष्मा असेल तर मायनस नंबरच्या काचांचा मास्क मिळतो. नवीन काचेवर आतून कारखान्याचा थर असतो, तो पांढऱ्या टूथपेस्टने दोन-तीनदा घासून काढा, नाहीतर काच सारखी धुरकटते. मिशीवाल्यांचा मास्क गळतो, याला इलाज नाही असे समजू नका: नाकाखालची एक बारीक पट्टी भादरली की रबर कातडीला चिकटते. मिशीवर जीव असेल तर थोडे पाणी नाकाने बाहेर फुंकत राहावे लागेल.

बोटीवर

आदल्या रात्री दारू नाही, जागरण नाही. सकाळी दोन इडल्या किंवा केळे. रिकाम्या पोटीही बोट लागते. उलटीची गोळी डॉक्टरला विचारून घ्या आणि आधी एकदा घरी घेऊन पाहा, काहींना त्याने फार झोप येते. झोपाळलेल्या माणसाने खाली जाऊ नये. सर्दी असेल तर डाइव्ह रद्द. नाक मोकळे करणाऱ्या औषधावर भरवसा ठेवून उतरलात आणि त्याचा असर खालीच संपला, तर वर येताना हवा कानात, कपाळात कोंडते.

सेंटर निवडताना दोन गोष्टी विचारा: बोटीवर ऑक्सिजनची बाटली आहे का, आणि एका प्रशिक्षकामागे किती जण. पहिल्यांदा उतरणारे दोनपेक्षा जास्त असतील तर आम्ही नको म्हणू.

सिलिंडर चढवला की दाबमापकाचा काटा २०० बारच्या (बार हे दाबाचे एकक) आसपास असायला हवा. काट्यावर नजर ठेवून चार मोठे श्वास घ्या. काटा स्थिर राहिला तर ठीक. प्रत्येक श्वासाला तो खाली झुकून परत वर येत असेल, तर वॉल्व्ह पूर्ण उघडलेला नाही. पृष्ठभागावर हे जाणवत नाही, खाली हवा ओढूनही येत नाही. हवेला तेलाचा किंवा धुराचा वास आला तर सिलिंडर बदलून मागा, भीड धरू नका.

खाली

कान दुखायच्या आधी नाक दाबून हलके फुंका, पहिल्या मीटरपासून, दर हातभर खाली जाताना. दुखले की जोर लावायचा नाही. अर्धा-एक मीटर वर या, पुन्हा फुंका, मग खाली. पाय खाली, डोके वर ठेवून उतरले की कान लवकर सुटतात.

हवा किती पुरते? ११ लिटरचा सिलिंडर, २०० बार, म्हणजे २,२०० लिटर. ५० बार बोटीवर शिल्लक घेऊन यायचे, उरले १,६५०. शांत माणूस वर मिनिटाला २० लिटर घेतो, १० मीटरवर ४०. म्हणजे ४१ मिनिटे. घाबरलेला नवखा वर ३० घेतो, खाली ६०, त्याची २७ मिनिटांत संपते. हवा वाचवायला दम कोंडायचा नाही, हातपाय कमी हलवायचे. १०० बार झाले की प्रशिक्षकाला खुणेने सांगा. रिकामा होत आलेला ॲल्युमिनियमचा सिलिंडर हलका होऊन वर ओढतो, म्हणून खाली जाण्यासाठी अंगाला बांधलेले, सुरुवातीला नेमके वाटलेले वजन शेवटी कमी पडते; एखादा किलो जास्त त्यासाठीच बांधतात.

वर येताना मिनिटाला ९ मीटर हा चांगला वेग, आणि ५ मीटरवर ३ मिनिटे थांबा. आपल्या सर्वांत लहान बुडबुड्यांच्या पुढे जायचे नाही.

बेळगावच्या मासळी बाजारात बर्फावर लालभडक दिसणारा तांबोसा १०-१२ मीटरवर राखाडी-तपकिरी दिसतो. पाणी लाल रंग आधी गिळते. टॉर्च मारला की तोच मासा पुन्हा लाल होतो. भाड्याच्या सामानात टॉर्च मागायला हे एवढे कारण पुरे. हात मात्र कशालाच लावायचा नाही. दगड समजून धराल तो दगडमासा असू शकतो, आणि त्याचे काटे विषारी असतात. प्रवाळाचा तुकडा, मेलेला, किनाऱ्यावर वेचलेलाही, पिशवीत टाकू नका: १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत तो आहे.

रात्री काही दुखले तर

सांधा दुखतो, अंगाला मुंग्या येतात, पुरळ उठते, न उलगडणारा थकवा येतो, अशी लक्षणे बहुधा पहिल्या २४ तासांत दिसतात. बोटीत वजन उचलले म्हणून खांदा दुखत असेल, असे म्हणून गोळी घेऊन झोपू नका. सेंटरला फोन, ऑक्सिजन, आणि दाबकक्ष (जिथे रुग्णाला पुन्हा दाबाखाली ठेवून बुडबुडे विरघळवतात) असलेल्या रुग्णालयाची चौकशी. तो पत्ता पहिल्याच दिवशी विचारून वहीत लिहून ठेवा. आपल्याकडचा पहिला विचार असतो, “गाडी काढा, बेळगावच्या मोठ्या दवाखान्यात जाऊ.” नेमके तेच करायचे नाही. घाट चढताना बुडबुडे मोठे होतील. खालीच, किनाऱ्याच्या पातळीला राहून उपचार घ्या, आणि डॉक्टरला आधी सांगा की आज डाइव्ह केली, किती मीटर, किती वेळ.

हे आकडे आठवत नाहीत, म्हणून प्रत्येक डाइव्हनंतर बोटीतच लिहा: खोली, मिनिटे, सुरुवातीचे आणि शेवटचे बार, किती किलो वजन बांधले, वर आलो ती वेळ. त्या शेवटच्या वेळेत १८ मिळवा. गाडीची किल्ली तेव्हा काढायची.