बेळगाव-निपाणीकडच्या घरात पैसे कसे वाचवायचे?

शेवटची तीन वीजबिलं काढून समोर ठेवा. हेस्कॉमचं, म्हणजे आपल्याकडच्या वीज कंपनीचं, बिल कानडीत असलं तरी आकडे सगळ्यांना कळतात, आणि बाकीचं वाचायला शाळेत कानडी शिकणारं पोर घरात असतंच. प्रत्येक महिन्यात किती युनिट जळाले ते कॅलेंडरवर लिहा.

कर्नाटक सरकारच्या मोफत विजेच्या गृहज्योती योजनेत २०२२-२३ मधल्या तुमच्या सरासरी वापरात थोडी भर घालून मोफत युनिट ठरतात. त्यापेक्षा जास्त वापर झाला तर जादा युनिटांचेच पैसे पडतात. मात्र महिन्याचा वापर २०० युनिटांच्या वर गेला की पूर्ण बिल भरावं लागतं. म्हणून रीडिंग घेणारा येऊन गेला की मीटरचा आकडा टिपून ठेवा आणि पंधरवड्यानं पुन्हा बघा. दोन आकड्यांतल्या फरकानं शंभरी ओलांडली असेल तर पहिला हात गिझरला घाला. दोन किलोवॅटचा गिझर अर्धा तास चालला की एक युनिट जातो. रोज तासभर चालवला तर महिन्याला साठ. अंगण असेल तर माळ्यावरचा बंब खाली काढा, नारळाच्या शेंड्या फुकट जळतात. फ्लॅटवाल्यांनी मात्र हा नाद करू नये, धुरापायी शेजारी भांडायला येतील. भाड्याच्या घरालाही योजना लागू आहे. घर बदललंत तर जुन्या मीटरवरचा आधार काढून नव्याला जोडून घ्या.

आता आधार कार्डावरचा पत्ता बघा. आपल्याकडे निम्म्या सुना कोल्हापूर, आजरा, चंदगडच्या, आणि लग्नानंतर कितीतरी वर्षं कार्डावर माहेरचाच पत्ता राहतो. कर्नाटकच्या साध्या सरकारी बसमधला बायकांचा मोफत प्रवास कर्नाटकचा पत्ता असलेल्या ओळखपत्रावरच मिळतो. खानापूर-बेळगाव रोज ये-जा करणारीला महिन्याचं तिकीट किती पडलं असतं, ते स्वतःच मांडून बघा. कोल्हापूर-पुण्याच्या आंतरराज्य गाडीत ही सवलत नाही, आणि महाराष्ट्राच्या एसटीतलं अर्धं तिकीट महाराष्ट्राच्या हद्दीतच. कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याचे दोन हजार रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख असलेल्या बाईच्या खात्यावर येतात, तेव्हा कार्डावरचं नावही तपासा. सासूबाई वारल्या असतील आणि कार्डावर अजून त्यांचंच नाव असेल, तर आधी ते बदला.

वर्षाची खरेदी हंगामात करा. चटणीसाठी मिरची उन्हाळ्यात घ्यावी. रंगाला ब्याडगी, तिखटाला संकेश्वरी. नुसती संकेश्वरी घेतलीत तर घरातली पोरं जेवायची नाहीत. देठं काढून कडक उन्हात दोन-तीन दिवस वाळवा, मसाला भाजा आणि डंकावर स्वतः उभं राहून कुटून घ्या. थंड झाल्यावरच बरणीत भरा, वर हिंगाचा खडा ठेवा. पाकिटातल्या चटणीचा आणि हिचा किलोमागचा हिशेब एकदा मांडलात की पुन्हा पाकीट आणणार नाही. तांदूळ सुगीनंतर, ओळखीच्या शेतकऱ्याकडून पोत्यानं. खानापूर तालुक्यात नातं नसलेलं घर बेळगावात शोधावंच लागेल! पण साठवायला कोरडी जागा नसेल तर पोतं घेऊ नका. किड्यांनी खाल्लेला तांदूळ कितीही स्वस्त मिळाला तरी महागच.

रोजच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांकडून औषधाचं मूळ नाव लिहून घ्या आणि तेच औषध स्वस्तात विकणाऱ्या सरकारी योजनेतल्या जनऔषधी केंद्रात विचारा.

उरलेला पैसा ठेवायचा कुठं, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. आपल्या भागात गल्लोगल्ली क्रेडिट सोसायट्या आहेत आणि व्याज बँकेपेक्षा जास्त सांगतात. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँकेतल्यासुद्धा, माणशी ५ लाख रुपयांपर्यंत विमा असतो. क्रेडिट सोसायटीतल्या ठेवीला तो नसतो. चेअरमन पाहुण्यातला असला तरी नसतो. लेकीच्या लग्नाचे, आजारपणाचे पैसे बँकेत किंवा पोस्टात ठेवा. पोस्टाची आरडी, म्हणजे दरमहा भरायची ठेव, महिना १०० रुपयांपासून सुरू होते. भिशी लावायची तर बुडाली तरी झोप उडणार नाही एवढ्याच रकमेची.